खूण आणि जमीन

आमच्या शाळेच्या दगडी पायरीवर एक तांबडी खूण आहे. पालखी महामार्गाचे काम चालू होते तेव्हा मोजणीला आलेल्या एका तरुणाने ती काढली. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी आमच्या माळशिरसला मुक्कामाला असते. त्याच वाटेच्या रुंदीकरणाची पायाभरणी 2021 च्या नोव्हेंबरात झाली, आणि मग तिपाईवर यंत्र मांडणारी, आकड्यांची उंच पट्टी धरून उन्हात उभी राहणारी ही पोरे गावात दिसू लागली.

एके दिवशी तो तरुण मला म्हणाला, "गुरुजी, ही पायरी पक्की आहे ना? हलणार नाही ना?"

"पायरी हलायची नाही. मास्तरांची मात्र बदली होते," मी म्हणालो.

तो हसला आणि त्याने पायरीवर खूण करून शेजारी आकडा लिहिला. दशांशचिन्हापुढे तीन घरे! मास्तराला गप्प राहवत नाही. मी विचारले, "हाच ना तुमचा बेंचमार्क? आणि डेटम म्हणतात तोही हाच?"

"नाही, गुरुजी. बेंचमार्क म्हणजे ही खूण. तिला हात लावून दाखवता येतो, तिची उंची ठाऊक असते. पण ती उंची कशापासून मोजली, ते डेटम. ते हाताला लागत नाही."

"मग ही कशापासून मोजली?"

"समुद्रापासून."

समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि आमच्या पायरीची उंची तिथून मोजलेली! मला मोठी मौज वाटली. बैठकांतून साहेब लोक 'बेंचमार्क' हा शब्द इतक्या वेळा उच्चारतात, की मी त्याचा अर्थ कधी कोणाला विचारलाच नव्हता. पुढे मी त्याविषयी थोडे वाचले. मोजणीदार पूर्वी पक्क्या दगडात एक आडवी खाच कोरीत आणि तिच्यात लोखंडी कोन बसवून पट्टीला बैठक, म्हणजे जणू बाकच, करून देत. त्या बाकावरून खुणेला ते नाव पडले. नागपूरला झिरो माइलच्या खांबाजवळ 1907 सालचा असा एक दगड आहे. त्याची उंची 1020.171 फूट. पण कशापासून? कराची, मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टण अशा नऊ बंदरांत भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवून समुद्राची मध्यम पातळी काढली होती. ती शून्य धरून 1909 साली देशभरच्या उंचीचे जाळे जुळवले गेले. पुढे कळले की सगळ्या किनाऱ्यांवरचा समुद्रही नेमका एका पातळीत नसतो. लहानसहान कामाला तर समुद्राचीही गरज पडत नाही. एखाद्या पक्क्या जोत्याची उंची शंभर मीटर मानतात आणि हिशेब चालू करतात. खूण दगडात कोरता येते. तिच्याखालचे शून्य मात्र सर्वांनी मिळून धरून चालायचे असते. ते चुकून हलले, तर खूण जागच्या जागी राहूनही खोटी ठरते.

हे वाचता वाचता माझी नजर आमच्या माजघराच्या चौकटीकडे गेली.

दर पाडव्याला अभ्यंगस्नान झाले की अण्णा आम्हा दोघा भावांना त्या बाभळीच्या चौकटीशी उभे करीत आणि विळ्याच्या टोकाने उंचीची खूण करीत. थोरला दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याची दरसालची खूण माझ्या त्या वयाच्या खुणेहून वर असे, आणि मी ती बघून झुरत असे. चौदाव्या वर्षीच्या पाडव्याला मात्र मी त्याच्या चौदाव्या वर्षीच्या खुणेच्या दोन बोटे वर गेलो! घरभर नाचलो. अण्णा काहीच बोलले नाहीत. आई बोलणार होती; पण दादाने तिला डोळ्याने गप्प केले आणि तो मला म्हणाला, "आरं, व्हय की! गेलास की पुढं!"

पुढे मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या. धाकट्याने थोरल्याला मागे टाकले, असे गाव म्हणे. मीही ते मनात खरे धरून होतो.

आमच्या माजघरात एका कोपऱ्यात जाते पुरलेले आहे. तेवढा कोपरा अजून शेणाने सारवलेला, जुन्याच पातळीचा आहे. त्या दिवशी मी तिथे खाली बसलो आणि बोटे लावून पाहिले. जुनी जमीन आणि शहाबादी फरशी यांत चार बोटांचे अंतर होते. म्हणजे मी दादाच्या दोन बोटे वर गेलो नव्हतो. दोन बोटे खालीच होतो.

ती फरशी घातली ते साल मला आठवले. विहीर आटली होती, अण्णांना दम्याने काम होत नव्हते. दादा दहावीच्या उंबऱ्यावरून मागे फिरला आणि साखर कारखान्यावर हंगामी कामाला लागला. पहिल्या हंगामाच्या पैशांतून माझी फी गेली आणि उरलेल्यातून उन्हाळ्यात ती फरशी आली. त्याच फरशीवर उभा राहून मी त्याच्या खुणेशी शर्यत लावली होती.

आमच्या तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर मुले येतात आणि आमच्या वर्गात बसतात. परवा त्यांच्यातल्या एकीला गणितात पस्तीस गुण पडले. पूर्वी मी आकड्याखाली तांबडी रेघ ओढली असती. या वेळी पेन जरा थांबले.

संध्याकाळी दादा रानातून आला तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. चार बोटे, दोन बोटे, कोपऱ्यातले जाते. तो पाय धुता धुता ऐकत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोलून काय, फरशी उखडायची हुती?" तो म्हणाला आणि टॉवेल मागू लागला.

गेल्या पाडव्याला दादाच्या चार वर्षांच्या नातीला आम्ही चौकटीशी उभे केले. विळा दादाच्या हातात होता. त्याने खूण केली. मी खिशातले पेन काढून तिच्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिले : 'फरशीपासून'.

दादाने ते वाचले. काही बोलला नाही. नातीच्या हातावर एक करंजी ठेवली आणि दुसरी माझ्या.