परवडणारी रायफल

'परवडणे' हे क्रियापद मराठीत दुहेरी हिशेब ठेवते. भाजी परवडते किंवा परवडत नाही, तेव्हा प्रश्न पैशाचा असतो. 'या वयात पडणे मला परवडायचे नाही' असे घरातले वडीलधारे म्हणतात, तेव्हा पैशाचा संबंध फारसा उरत नाही. प्रश्न सोसण्याचा असतो. एरवी हे दोन हिशेब आपण वेगळे ठेवतो आणि ते वेगळे राहतातही. गेल्या वर्षी एका खरेदीच्या निमित्ताने ते एकाच वहीत मांडण्याची वेळ आम्हां उभयतांवर आली. खरेदी होती आमच्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी हरणाच्या शिकारीच्या पहिल्या रायफलीची, आणि अट होती ती परवडण्याची.

हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. त्या उंचावणे स्वाभाविक आहे. आमच्याही उंचावल्या होत्या. म्हणून आधी स्थळाविषयी थोडे सांगणे भाग आहे. गेली अठरा वर्षे आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात राहतो. तेथे रायफलीने हरणे मारण्याचा हंगाम पिढ्यान्‌पिढ्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होत असे. २०१९ पासून तो त्याआधीच्या शनिवारी सुरू होऊ लागला, तरी अनेक शाळा त्या सोमवारी अजूनही बंद असतात. आपल्याकडे बैलपोळ्याला गावातल्या शाळेत जशी शुकशुकाट हजेरी असते, तसाच हा प्रकार. फॉकनरच्या 'गो डाउन, मोझेस' (१९४२) या पुस्तकातला बारा वर्षांचा मुलगा पहिले हरीण मारतो आणि त्याचा म्हातारा गुरू त्या हरणाचे रक्त त्याच्या चेहऱ्याला लावतो, हा प्रसंग आम्ही एके काळी वर्गात 'दीक्षाविधी' या शीर्षकाखाली शिकवला आहे. शेजाऱ्यांच्या अंगणात टांगलेले हरीण पाहताना ते शीर्षक आमच्या फारसे उपयोगी पडले नाही.

या हरणांचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेबंद शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे पेनसिल्व्हेनियातले शेपटीखाली पांढरे असणारे हे हरीण जवळजवळ संपले होते. १८९५ साली राज्याने वन्यप्राण्यांसाठी आयोग नेमला आणि १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडली. लांडगे आणि मोठी मांजरे तोवर नाहीशी झालेली असल्याने हरणे वाढली, इतकी की जंगलातली कोवळी रोपे तगेनाशी झाली. आता त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम मुख्यतः शिकाऱ्यांकडेच आहे. १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार रायफली आणि काडतुसे यांवर अकरा टक्के कर बसतो आणि तो वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो. म्हणजे हरणावर झाडलेल्या गोळीतला काही भाग हरणांच्याच खाती जमा होतो. हा व्यवहार आम्हांला प्रथम ढोंगी वाटला. हळूहळू तो केवळ अवघड वाटू लागला.

आमच्या बाजूची पार्श्वभूमी अगदी निराळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौसेची शिकार संपली आणि आम्ही त्यानंतर जन्मलो. 'पारध' हा शब्द आमच्या कानी आला तो मुख्यतः 'पारधी' या शब्दातून, आणि तो शब्द उच्चारताना गावातल्या माणसांचा आवाज कसा बदलत असे हेही आम्हांला आठवते. फासेपारध्यांचा पिढीजात धंदा फासे लावून हरणे आणि तित्तिर धरण्याचा. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याच्या परंपरेत असल्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ साली कागदावरून तो पुसला गेला, मनांवरून नाही. आमच्या मुलीला त्याच कौशल्याबद्दल सरकारी प्रमाणपत्र मिळाले. फोनवर ही वार्ता ऐकून आबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पोरी, आमच्याकडे यासाठी माणसं गावाबाहेर ठेवली." तिला ते कळले नाही. कळण्याजोगे सांगायला आम्हांला पुढे बरेच दिवस लागले.

प्रमाणपत्राचीही हकीकत सांगितली पाहिजे. पेनसिल्व्हेनियात बारा वर्षे पूर्ण झाल्यावर परवाना मिळतो, पण त्याआधी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करणे सक्तीचे आहे. चौदा वर्षांच्या मुलाबरोबर सज्ञान व्यक्ती हवी, आणि ती नुसती रानात कुठेतरी असून चालत नाही. बोललेले सहज समजेल इतकी जवळ हवी. अंगावर डोके, छाती आणि पाठ मिळून दोनशे पन्नास चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड हवे. मुलीने मैत्रिणीच्या घरी हे सारे पाहिले, अभ्यासक्रम पुरा केला आणि एका संध्याकाळी आमच्यापुढे प्रश्न ठेवला: "आपण मटण खातो ना? मग ते कुणी मारायचं?" आमच्यापैकी एकाने लग्नापूर्वी मटणाला हात लावलेला नव्हता. दुसऱ्याने ते आयुष्यभर कागदात गुंडाळलेलेच पाहिले होते. तिच्या प्रश्नाला आम्ही दोन आठवडे उत्तर शोधले. नकाराला एकही प्रामाणिक कारण सापडले नाही, भीतीखेरीज. भीती मात्र खरी होती, आणि तिच्याकडे आपण पुढे येऊ.

रायफल कोणती, हा प्रश्न मग उरला. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी तो आपल्या परीने सोडवूनच टाकला होता. त्यांच्या वडिलांची जुनी थर्टी-ऑट-सिक्स त्यांच्याकडे पडून होती. ती न्या म्हणाले, पैसे नकोत. या काडतुसाच्या नावातले 'सिक्स' म्हणजे १९०६, अमेरिकन लष्कराने ते स्वीकारले ते साल. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, हाताने घासून काळवंडलेला बोल्ट. वस्तू देखणी होती. आणि फुकट. यापेक्षा परवडणारे दुसरे काय असणार?

परंतु ते गृहस्थ स्वतःच दुसऱ्या दिवशी मुलीला सराव-मैदानावर घेऊन गेले आणि त्यांनी एक साधी परीक्षा घेतली. रायफलीत काडतूस भरताना तिला पाहू द्यायचे नाही. कधी खरे काडतूस घालायचे, कधी बिनदारूचे. खऱ्या काडतुसाच्या स्फोटात आणि धक्क्यात नेमबाजाचे दोष झाकले जातात. बिनदारूच्या काडतुसावर चाप ओढला की फक्त 'टक्' होते आणि हाताने काय केले ते उघडे पडते. तिसऱ्याच खेपेला 'टक्' झाले आणि नळी खाली झुकलेली आम्हां सर्वांना दिसली. येणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने खांदा आधीच आखडला होता, डोळे मिटले होते. दस्ताही तिला लांब पडत होता. प्रौढांच्या रायफलीत दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंत साधारण साडेतेरा इंच अंतर असते. तिला साडेबारा हवे होते. गृहस्थांनी रायफल पुन्हा पिशवीत घातली. "ही तिला महाग पडेल," एवढेच ते म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, पण आम्हांला ते मराठीत ऐकू आले.

येथे आम्हांला 'पाडस' आठवले. मार्जोरी किनन रॉलिंग्जची 'द यर्लिंग' (१९३८) ही कादंबरी राम पटवर्धनांनी मराठीत आणली, आणि मराठी वाचकांच्या काही पिढ्यांनी ती रडत रडत वाचली. आम्हीही त्यांतलेच. शेती उद्ध्वस्त करणाऱ्या लाडक्या पाडसाला मारावे लागते, एवढाच शेवट बहुतेकांच्या लक्षात राहतो, आमच्याही राहिला होता. पुन्हा वाचताना मात्र निराळीच गोष्ट दिसली. पाडसावर पहिली गोळी ज्योडी झाडत नाही. ती झाडते त्याची आई, आणि तिला नेम धरता येत नाही. पाडस मरत नाही, जखमी होऊन फरफटत राहते, आणि मग मुलाला उरलेले काम करावे लागते. त्या प्रकरणातली खरी भीषणता मरणाची नाही, अर्धवट मारण्याची आहे. कादंबरीच्या आरंभी अस्वलासमोर बापाच्या जुन्या बंदुकीने ऐनवेळी दगा दिलेला असतो, आणि पुढे तो एक निकामी कुत्रा देऊन चांगली बंदूक मिळवतो. गरिबाघरी हत्यार कसे येते, न चालणाऱ्या हत्याराची किंमत कोण भरते, याचा हिशेब रॉलिंग्जने पहिल्यापासून ठेवलेला आहे. आम्ही तो समीक्षेच्या भाषेत कधी वाचलाच नव्हता. त्यासाठी खरेदीला निघावे लागले.

तेव्हा निकष ठरला: जिच्यामुळे तिचे डोळे मिटत नाहीत ती रायफल. अलीकडच्या काळात स्वस्त रायफली आश्चर्य वाटावे इतक्या अचूक झाल्या आहेत. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस, मॉसबर्ग पेट्रियट अशा बोल्ट ॲक्शन रायफली चारशे ते साडेपाचशे डॉलरच्या आसपास मिळतात. दस्ता प्लॅस्टिकचा, बोल्टची सरक थोडी खरखरीत, रूप यथातथाच. पण शंभर यार्डांवर त्यांच्या गोळ्या दीड इंचाच्या वर्तुळात बसतात. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र आठ-एक इंचांचे असते, आणि आमच्याकडच्या दाट झाडीत अंतर बहुधा शंभर यार्डांच्या आतच. म्हणजे नळीच्या अचूकतेवर आणखी हजार डॉलर घालून हरणाचे काहीच भले होणार नव्हते. उरलेला प्रश्न खांद्याचा होता. काडतुसांत निवड उरली ती दोघांत. १९५५ चे .२४३ विंचेस्टर आणि १९८० चे ७ एमएम-०८ रेमिंग्टन. दोन्ही एकाच .३०८ च्या कवचातून निघालेली भावंडे. दुसऱ्याची गोळी जड, म्हणून चुकीला थोडी अधिक माफी; पहिल्याचा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या जवळजवळ निम्मा. पुन्हा तीच 'टक्'ची परीक्षा झाली. .२४३ हातात असताना नळी हलली नाही. आखूड दस्त्याची .२४३ घेतली.

वय चौदा, म्हणून दुकानदार तिला विकू शकत नाही. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने त्यासाठी अठरा वर्षे लागतात. आईबापांनी विकत घेऊन भेट देणे मात्र कायद्याला मान्य आहे. अर्ज आमच्या नावाने भरला. त्यात नागरिकत्वाचा रकाना आहे. आम्ही कामाच्या व्हिसावर होतो त्या काळात कायद्याने आम्हांला रायफल बाळगताच आली नसती. त्या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक शिकारीचा परवाना. या देशाच्या दारातून आत येण्याच्या किती वाटा असतात, आणि त्यांतली एखादी रानातून जाते, हे त्या रकान्यापाशी थांबल्यावर जाणवले.

आता भीतीविषयी. २०२० साली अमेरिकेत एक ते एकोणीस वर्षांच्या वयोगटातल्या मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे होते. त्यांत खून आहेत, अपघात आहेत, आणि आत्महत्या पुष्कळ आहेत. घरात हाताशी येईल अशी बंदूक असली की किशोरवयीनांच्या आत्महत्येचा धोका वाढतो, हे अभ्यासांनी वारंवार दाखवले आहे. चौदाव्या वर्षाचे मन एका संध्याकाळीत किती खोल जाऊ शकते, हे शिकवण्याच्या धंद्यात असलेल्यांना सांगायला नको. म्हणून रायफलीच्या आधी पोलादी कपाट आले. त्याची किंमत रायफलीच्या जवळपास. रायफल एकात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आकडे आमच्या डोक्यात. मुलीला ठाऊक नाहीत. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" असे तिने विचारले. "तुझ्यावर आहे, प्रत्येक संध्याकाळीवर नाही," हे उत्तर आम्ही दिले. ते तिला आवडले नाही. आवडावे असे ते नव्हतेच.

शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात, म्हणून तांब्याच्या गोळ्या घेतल्या, त्या महाग. रोजच्या सरावासाठी .२२ ची उसनी रायफल, कारण तिची गोळी काही सेंटांत येते. कानांवर आवाजरोधक, डोळ्यांवर चष्मा, दुर्बीण, नारिंगी कोट. सारी बेरीज केली तेव्हा रायफल एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भरली. 'पहिली रायफल केवढ्याला पडते' असे कुणी विचारले तर आमचे उत्तर हे आहे.

'नेम' या शब्दालाही मराठीत दोन अर्थ आहेत: रोखणे आणि पाळणे. शिकारी-शिक्षणाच्या पुस्तकातला एक नेम असा, की लक्ष्य कोणते आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. आम्ही तिला दशरथाची गोष्ट सांगितली. अंधार, शरयूचे पाणी, घडा भरल्याचा आवाज, आणि हत्तीच असणार या खात्रीने सोडलेला बाण. शब्दवेध हे कौशल्य म्हणून आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. तिने ऐकले आणि सरळ म्हणाली, "पण त्यांना दिसलंच नव्हतं, तर मारलं कशाला?" रामायणातल्या साऱ्या शोकाचे मूळ इतक्या थोडक्या शब्दांत आम्हांला कुणी सांगितले नव्हते.

पहिल्या हंगामात ती शेजाऱ्यांबरोबर चार दिवस बसली. तिसऱ्या दिवशी उजाडताना एक मादी चढावर येऊन थांबली, साठ-सत्तर यार्डांवर, आडवी. तिच्यामागे मोकळे आकाश होते. गोळी आरपार गेली असती तर कोठे उतरली असती हे दिसत नव्हते. मुलीने चापावर बोट ठेवले नाही. हरीण निघून गेले. गृहस्थ तिला काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी आम्हांला मात्र म्हणाले की आपण स्वतः तिच्या वयात गोळी झाडली असती.

या वर्षी ती पुन्हा जाणार आहे. आम्हां दोघांपैकी एकाला वाटते की हरीण मिळावे, म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळेल. दुसऱ्याला अजून तसे वाटत नाही. यावर आमचे एकमत नाही, आणि व्हावे असा आग्रहही नाही. मिळालेच तर ते सोलायचे कसे, हे शिकण्याचे काम मात्र आम्ही दोघांनी अंगावर घेतले आहे. कागदात गुंडाळलेले मटण तिच्या हातून खाणे आम्हांला आता परवडणार नाही.