बिनओझ्याचा डोंगर

डोंगर आपल्याला नवा नाही. वरकसात नाचणी करायची, गवताचे भारे आणायचे, चुकलेले गुरू शोधायचे. वर्षभर चढउतार चालूच असते. पण डोक्यावर ओझे न घेता, नुसते पाहण्यासाठी, घरच्या सगळ्यांनी मिळून तुम्ही कधी डोंगर चढला आहात का?

भाताची झोडणी उरकल्यावर आम्ही एक दिवस काढला. मुंबईला नोकरीला लागलेला थोरला चार दिवस घरी आला होता. भाकऱ्या, लसणाची चटणी, गूळ आणि पाणी घेऊन पहाटेच निघालो ते खेड तालुक्यातल्या रसाळगडाकडे. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तिन्ही किल्ले एकाच रांगेवर आहेत. त्यांत रसाळगड चढायला सोपा. दोन दरवाजे ओलांडले की सपाटी लागते. झोलाईदेवीचे मंदिर, पाण्याची टाकी आणि ठिकठिकाणी पडलेल्या तोफा पाहताना मुले रमून जातात.

मुलांची आई वाटेत थांबून म्हणाली, “डोक्यावर भारा नसला की मान वर करून बघता येतं, नाही?” लग्नाला पंचवीस वर्षे झाली, पण तिने आजवर पाहिला होता तो पायाखालचाच डोंगर.

वरून जगबुडीचे खोरे दिसते. ही नदी खेडावरून पुढे वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला. धाकटीने विचारले, “२०२१च्या जुलैत खेडात शिरलं ते पाणी इथूनच आलं का?” मी म्हटले, अशाच डोंगरांवरून. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उतार उघडा असला की पाणी माती घेऊन धावते. झाडझाडोरा असला तर थोडे थबकते, थोडे मुरते.

थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, आपल्या वरकसाला यंदा वणवा लागू द्यायचा नाही. गवत कापून जाळरेषा काढायला मी शिमग्याच्या आधीच येतो.” हे बोलणे घरात बसून निघाले नसते.

तुमच्याही तालुक्यात असा डोंगर असेल. पावसाळा सरल्यावर जा. पाणी घरूनच न्या, आग्यामोहोळाजवळ धूर करू नका, दिवस मावळायच्या आत उतरा. आणि घरधनिणीच्या डोक्यावर त्या दिवशी काही देऊ नका. शिदोरीसुद्धा पुरुषांनीच घ्यावी.