दिवाळीत अंधार नव्हता

अंटार्क्टिकाला जायचे नक्की झाले तेव्हा आमच्या इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडातून मला चहाचे बोलावणे आले, आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न झाला, "तिकडे पांढरी अस्वले असतात ना हो?" अस्वले उत्तर ध्रुवाकडची, दक्षिणेकडे पेंग्विन, हे मी तेरा घरी तेरा वेळा सांगितले. मावशीने मात्र अस्वलांची चौकशी केली नाही. "तिकडे दिवाळी कशी रे करता?" असे तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पणती माझ्या ट्रंकेत, लोकरी कपड्यांच्या मधोमध ठेवून दिली. "लक्ष्मीपूजनाला लाव. विसरू नकोस."

ही गोष्ट २०१४ सालच्या नोव्हेंबरातली. मी मूळचा अलिबागचा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय मोजणीत घोळ होणार, म्हणून कुलाब्याचे ते काम १९०४ मध्ये आमच्या अलिबागला हलवले गेले. त्या वेधशाळेच्या कुंपणाबाहेर क्रिकेट खेळत मी लहानाचा मोठा झालो. पुढे पृथ्वीचे चुंबकत्व मोजणे हेच पोटापाण्याचे काम झाले, आणि त्या कामानेच मला पृथ्वीच्या तळाशी नेऊन सोडले.

केपटाऊनहून सहा तासांचे विमान. उतरायचे ते रशियनांच्या नोवोलाझारेव्हस्काया ठाण्याजवळ, निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर. १९८१ साली आपली पहिली मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून जहाजाने निघाली, ती ६ डिसेंबरला निघून ९ जानेवारीला पोचली. आम्ही मात्र केपटाऊनला न्याहारी करून संध्याकाळचा चहा मैत्रीत घेतला. संध्याकाळचा म्हणायचे ते घड्याळाकडे पाहून. सूर्य त्या दिवसांत मावळतच नाही.

आपले पहिले ठाणे 'दक्षिण गंगोत्री' तरंगत्या हिमस्तरावर बांधले होते. थोड्याच वर्षांत ते बर्फात गाडले गेले. त्यावरून धडा घेऊन १९८९ मध्ये 'मैत्री' उभारली ती पक्क्या खडकावर, समुद्रापासून आत, शिर्माखर ओअ‍ॅसिस नावाच्या उघड्या टेकड्यांमध्ये. लोखंडी खांबांवर उभे असलेले लांबट घर. खालून वारा निघून जावा ही योजना. समोर प्रियदर्शिनी नावाचे तळे. हिवाळ्यात ते वरून गोठते, पण तळाशी पाणी राहते, आणि तेच आम्ही पितो. उन्हाळी मंडळी मार्चच्या सुमाराला निघून गेली, की मागे पंचवीस-एक माणसे उरतात. मग आठ महिने कोणी येत नाही आणि कोणाला जाता येत नाही.

आल्या दिवशीच प्रमुखांनी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. थंडीला भिऊ नका, कपडे आहेत. वाऱ्याला भ्या, आणि सर्वांत अधिक भ्या आगीला. जगातल्या गोड्या पाण्याचा दोन तृतीयांशाहून मोठा साठा आपल्या अवतीभवती आहे, पण तो दगड होऊन पडलेला. हवा इतकी कोरडी, की लाकूड आणि कापड पापडासारखे पेटेल. घर जळाले तर दुसरे घर नाही. सबब उघडी ज्योत बंद. मी निमूटपणे खोलीत गेलो आणि पणती ट्रंकेच्या तळाशी सरकवली.

माझे काम चुंबकमापीच्या झोपडीत. ही झोपडी मुद्दाम ठाण्यापासून लांब आहे. आत लोखंडाचा खिळादेखील चालत नाही. जाताना पट्ट्याचे बक्कल, किल्ल्या, घड्याळ बाहेर काढून ठेवायचे. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांच्या बाजूस वळतात. ते वरच्या हवेवर आदळले म्हणजे आकाशात हिरवे पडदे हलू लागतात. त्या रात्री यंत्रावरची रेघ वेड्यासारखी नाचते. बाहेर आकाश आणि आत रेघ एकाच वेळी नाचताना मी पाहिली आणि कुंपणाबाहेरच्या त्या क्रिकेटची आठवण झाली.

हवामानखात्याचे गृहस्थ ओझोन मोजण्यासाठी फुगे सोडत. अंटार्क्टिकावरच्या ओझोनचा ऱ्हास १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जगापुढे आणला, तेव्हापासून या मोजणीला फार महत्त्व आले. पण शास्त्रज्ञ असो की मेकॅनिक, स्वयंपाकघराची पाळी कोणाला चुकत नाही. कांदे चिरणे, ताटे घासणे, फरशी पुसणे. घरी कधी पाण्याचा पेला उचलून न ठेवणारा मी तिथे पन्नास-पन्नास ताटे घासत असे. सौभाग्यवतीला हे कळले तेव्हा तिने फोनवर फक्त एवढेच विचारले, "परत आल्यावरही लक्षात राहील ना?"

स्वयंपाकघराचे राजे म्हणजे आमचे गढवाली स्वयंपाकी. त्यांना सगळे 'महाराज' म्हणत. तापट माणूस. पोळी करपली तर ते रागावत आणि ताटात उरली तर बोलतच नसत. पण कोणाचा वाढदिवस, कोणाच्या मुलीचा परीक्षेचा निकाल, सारे त्यांना तोंडपाठ. त्या दिवशी शिरा व्हायचाच.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य गेला. दुपारी बाराच्या सुमाराला उत्तरेकडे थोडी तांबूस धग दिसे, तेवढाच दिवस. झोप बिघडली. माणसे लहानसहान गोष्टींवरून रुसू लागली. एकदा कॅरमच्या सोंगटीवरून दोन पीएच. डी. झालेले गृहस्थ चार दिवस अबोला धरून होते.

जूनमध्ये एका रात्री महाराज जेवण वाढता वाढता खाली बसले. पोटात उजवीकडे कळ. डॉक्टरांनी तपासले आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला, अपेंडिक्सचा संशय. बाहेर हिमवादळ चालू. घरातून दहा पावलांवरचे दिसत नव्हते. आणि दिसले असते तरी काय? जूनमध्ये तिथे विमान येत नाही.

आमच्या तुकडीत डॉक्टर दोन होते, हेच मोठे भाग्य. शेजारच्या रशियन ठाण्यात १९६१ साली लिओनिद रोगोझोव्ह नावाचे सत्तावीस वर्षांचे डॉक्टर होते. ठाण्यात ते एकटेच डॉक्टर, आणि अपेंडिक्स त्यांचेच दुखावले. ३० एप्रिलला त्यांनी, साथीदारांना आरसा आणि हत्यारे धरायला लावून, स्वतःचे ऑपरेशन स्वतः केले; पावणेदोन तास लागले, आणि दोन आठवड्यांत ते कामाला लागले. ही हकिकत आम्ही उन्हाळ्यात मोठ्या चवीने एकमेकांना सांगितली होती. त्या रात्री कोणी ती काढली नाही.

डॉक्टरांनी ठरवले, आधी औषधे देऊन पाहायचे. उतार नाही पडला तर पोट उघडायचे. टेबल मांडले, हत्यारे उकळली. निघण्यापूर्वीच सर्वांचे रक्तगट नोंदलेले असतात. महाराजांशी जुळणारे तिघे, त्यांत मी. "झोपू नका, पण पडून राहा," मला सांगण्यात आले. आमचे जनित्र सांभाळणारे सरदारजी मशीनपाशी खुर्ची टाकून बसले. ऑपरेशन चालू असता दिवे गेले तर? त्या विचाराने ते दोन रात्री खुर्चीतून उठले नाहीत.

मी पडून छताकडे पाहत होतो. वारा घराला धक्के देत होता. मनात आले, आपण एरवी किती सहज म्हणतो, 'काही झाले तर डॉक्टर आहेत, इस्पितळ आहे, कोणी ना कोणी धावून येईल.' इथे धावून येणारे सगळे आधीच खोलीत हजर होते. पंचवीस माणसे, यापलीकडे कोणी नाही. कॅरमवरून रुसलेले ते दोघे शेजारी शेजारी बसून कापसाच्या घड्या करत होते.

स्वयंपाक अर्थात आमच्याकडे आला. दुसऱ्या दिवशी मी खिचडी केली. ती खाली लागली. वास सगळ्या घरात. तेवढ्यात आजाऱ्याच्या खोलीतून क्षीण पण स्पष्ट आवाज आला, "पातेले कोणी जाळले?"

डॉक्टर बाहेर आले. दोन दिवसांत प्रथमच ते हसत होते. "उतार आहे," ते म्हणाले. सरदारजी ऐकून परत मशीनपाशी गेले आणि खुर्चीतच घोरू लागले. मला जळालेल्या पातेल्याबद्दल इतकी धन्यता आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. ते घासायला मात्र मलाच लागले.

जुलैच्या अखेरीस सूर्याची कड टेकडीवर आली. आम्ही सगळे बाहेर जाऊन नुसते उभे राहिलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी बोलले नाही.

आणि ११ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आले. सकाळी महाराज तळणाच्या कढईपुढे उभे होते. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी चकल्या केल्या, त्या मराठी झाल्या नाहीत, पण गढवालीही झाल्या नाहीत. संध्याकाळी मी भीत भीत प्रमुखांपुढे पणती नेली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, बराच वेळ. मग म्हणाले, "स्वयंपाकघरात लावा. ओट्यावर, पत्र्याच्या ताटात. शेजारी आग विझवायचे नळकांडे, आणि दहा मिनिटे."

पंचवीस माणसे त्या लहानशा जागेत दाटीने उभी राहिली. ज्योत लावण्याचा मान महाराजांना दिला. सरदारजी नळकांडे हातात धरून अगदी पहारेकऱ्यासारखे उभे. गंमत पाहा, त्या रात्री खिडकीबाहेर अंधार नव्हताच. सूर्य जेमतेम अडीच-तीन तास क्षितिजाखाली जात होता आणि साऱ्या बर्फावर गुलाबी उजेड होता. अंधार घालवण्यासाठी दिवा लावतात, असे आम्ही लहानपणी शिकलो. आमचा अंधार जूनमध्ये होऊन गेला होता, आणि तेव्हा पणती ट्रंकेत होती. ज्यांनी तो घालवला, ते सगळे ओट्याभोवती उभे होते.

दहा मिनिटांनी प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिले. मग दुसरीकडे पाहिले. पणती तेल संपेपर्यंत जळली.

परत आल्यावर मी ती मावशीला दिली. कड थोडी काळी झाली होती. "लावलीस ना?" तिने विचारले. मी सगळी हकिकत सांगितली. तिने ती ऐकून घेतली, पणती पदराने पुसली आणि म्हणाली, "आणि ते महाराज? आता बरे आहेत ना?"

बरे आहेत. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. पहिले वाक्य ठरलेले असते, "साहेब, पातेले जाळले नाही ना?"