दोष गाळण्याचा नव्हता



घरात नळाचं काम झालं आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी करंगळीएवढं यायला लागलं, असं तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी झालं असेल! आमच्याकडे गेल्या महिन्यात बाथरूमच्या भिंतीतला जोड गळत होता. जुनी लोखंडी लाइन. प्लंबरने पाइप कापला, आटे पाडले, नवा जोड बसवला. गळती थांबली, पण स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक झाली.

प्लंबर परत आला, नळाला बांधलेलं दुपदरी गाळणं बघितलं आणि म्हणाला, "काकू, हे कापड काढा, नाहीतर प्रेशर पंप बसवा." सूनबाईही हळूच म्हणाली, "आई, फिल्टर तर आहेच की." पंपाचा खर्च पाच आकडी होता. पण मला खर्चापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. सासूबाईंनी हे गाळणं माझ्या हातात दिलं त्याला चाळीस वर्षं होत आली. गैरसोय होते म्हणून ते एकदा उतरलं, की पुढच्या पिढीत परत बांधलं जाणार नाही, हे मला दिसत होतं.

मी बी. कॉम. झालेली. तेरीज जुळली नाही म्हणून कुणी सगळ्या वह्या बदलत नाही, फरक कोणत्या खात्यात आहे ते आधी शोधतात. मी दहा लिटरची बादली आणि घड्याळ घेतलं. बाथरूमचा नळ : 50 सेकंद. स्वयंपाकघरातला नळ, गाळणं बांधून : 2 मिनिटं 50 सेकंद. गाळणं काढून : 2 मिनिटं 40 सेकंद. म्हणजे कापडाचा वाटा फक्त दहा सेकंदांचा! बाकीचा फरक कापडाच्या मागे कुठेतरी होता.

सगळेच नळ मंद झाले असते, तर टाकीखालचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिलाय का किंवा पाइपात हवा अडकलीय का, ते बघावं लागलं असतं. आमचा एकच नळ मंद होता, म्हणजे अडथळा त्याच नळापाशी. नळाच्या तोंडाशी फेस आणणारी छोटी जाळी असते, बाथरूमच्या बादलीच्या नळाला ती नसते. कापड गुंडाळून पकडीने जाळी सोडवली. आत गंजाचे पापुद्रे, बारीक वाळू आणि पांढऱ्या टेपचा तुकडा! पाइप कापताना आणि ठोकताना सुटलेला गंज पाण्याबरोबर येऊन तिथे अडकला होता. जाळीवर क्षारही बसले होते. त्यासाठी व्हिनेगर सांगतात, पण आपल्यापैकी बऱ्याचजणी आंबवलेलं म्हणून तो घरात ठेवत नाहीत. मी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून जाळी तासभर ठेवली आणि जुन्या ब्रशने घासली.

जाळी बसवण्याआधी नळ पूर्ण सोडून दोन बादल्या पाणी जाऊ दिलं. पाणी तुपासारखं वापरायचं हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं, म्हणून ते निवळून, गाळून बागेला घातलं. मग परत मोजलं : गाळणं बांधून 1 मिनिट 10 सेकंद. पंप लागला नाही.

एवढ्याशा कचऱ्याने एवढा फरक का पडतो, याचंही गणित आहे. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब मिळतो. आमच्या टाकीचा तळ स्वयंपाकघरातल्या नळापासून साडेतीन मीटर वर, म्हणजे दाब जेमतेम एक तृतीयांश किलो. एवढ्या थोड्या दाबाला चिमूटभर गंजही भारी पडतो.

तुमच्याकडे काम निघालं तर दोन गोष्टी करा. काम सुरू होण्याआधी सगळ्या नळांच्या जाळ्या काढून डबीत ठेवा. काम झाल्यावर आधी जाळी नसलेला बाथरूमचा नळ सोडा, पाणी स्वच्छ यायला लागलं की मग बाकीचे. तरीही धार आली नाही, तर बेसिनखालचा कॉक बंद करून त्याच्यापुढची लवचिक नळी तपासा. तिच्या टोकाशीही कचरा अडकतो. जुनी लोखंडी लाइन आतून गंजून अरुंद झाली असेल, तर मात्र ती बदलण्यावाचून इलाज नाही.

आणि गाळणं? ते धुवायला घेतलं तेव्हा त्यात तांबूस कण दिसले. जाळीतूनही निसटलेला गंज त्याने धरून ठेवला होता. सूनबाईला दाखवलं. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी नवं कापड दुपदरी करून तिनेच बांधलं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटं असते, हे नातवाला सांगतानाही मी तिला ऐकलं.