अंधाराची सोय

रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहून घरात समुद्र पाळायचा म्हणजे सगळंच विकत आणावं लागतं. विशाखापट्टणमचा किनारा गाठायचा तर रेल्वेने पाचशेहून अधिक किलोमीटर. त्यामुळे पाणी आरओचं, मीठ पोत्यातलं. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने पहिल्या भरणीलाच बारा किलो गेलं. मे महिन्यात पाणी गार ठेवायला चिलर, लाटांसाठी पंप, उन्हासाठी निळे-पांढरे एलईडी. अंधार मात्र कुठल्या दुकानात मिळत नाही.

आमची टाकी हॉलमध्ये आहे. कायद्याने दगडी प्रवाळ वाघाच्या पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत बसवलेले असल्यामुळे ते आमच्याकडे नाहीत. काही झोआंथस, एक समुद्रफूल आणि क्लाउनफिशची जोडी, एवढाच संसार. जोडी दर दोन-तीन आठवड्यांनी मडक्याच्या एका खापरावर अंडी घालते. नर रात्रंदिवस परांनी त्यांना वारा घालतो. नारिंगी ठिपके हळूहळू चंदेरी होतात, त्यात डोळे दिसू लागतात आणि सात-आठ दिवसांनी, दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत, ती फुटतात. अंधार पडल्यावरच फुटतात, हे महत्त्वाचं. उजेडात बाहेर पडलेलं पिल्लू म्हणजे इतर माशांना वाढलेलं ताट.

गेल्या पावसाळ्यात आई रात्री बाथरूमला जाताना हॉलमध्ये पडली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हापासून हॉलमधली ट्यूबलाइट रात्रभर जळू लागली. त्याबद्दल वाद नव्हता. एक्याऐंशीव्या वर्षी माणसाला पाय कुठे पडतो ते दिसलंच पाहिजे.

त्यानंतरच्या दोन खेपांची अंडी फुटली नाहीत. डोळे आले, दिवस भरले आणि सगळं खापरावरच पांढरं पडलं. दोन खेपांवरून काही सिद्ध होत नाही, पण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2019 साली नेमका याच जातीवर केलेला प्रयोग मला आठवला. रात्री दिवा असलेल्या टाक्यांतल्या जोड्यांनी नेहमीसारखीच अंडी घातली, ती फळलीही, पण त्यांतलं एकही फुटलं नाही. दिवा काढल्यावर पुढची अंडी पुन्हा फुटू लागली. पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स भरतं. ट्यूबलाइटच्या खोलीत शंभरच्या आसपास लक्स सहज असतात. म्हणजे आपण ज्याला ‘थोडा उजेड’ म्हणतो तो समुद्राच्या हिशेबात शेकडो चंद्रांचा असतो. (दिव्यांबरोबर ‘मूनलाइट’ नावाचं निळं बटण मिळतं, तेही रात्रभर लावून ठेवणारे आहेत. त्यांच्या टाकीत तीसही दिवस पौर्णिमा!)

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या माशांना अंधार पाहिजे, मला बत्ती. आता घर कोणाचं ते तू ठरव.”

मी प्रवाळांची गोष्ट काढली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षातल्या मोजक्या रात्रींत असंख्य प्रवाळ एकाच वेळी आपली बीजं पाण्यात सोडतात, आणि त्या रात्री बहुधा पौर्णिमेनंतर तीन ते सहा दिवसांनी येतात. का, याचा एक उलगडा तैवानमध्ये झाला. तिथल्या एका जातीच्या प्रवाळावरचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो. सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये जो निव्वळ काळोखाचा तुकडा पडतो, त्याची ही प्रवाळं खूण धरतात. किनाऱ्यावरच्या दिव्यांनी तो तुकडा भरून टाकला की वेळापत्रक बिघडतं. उजेड पडलेल्या किनाऱ्यांवर प्रवाळांची बीजं सोडण्याची वेळ पौर्णिमेच्या एक ते तीन दिवस जवळ सरकल्याचं 2023 मधल्या एका जागतिक पाहणीत दिसलं.

“पौर्णिमेनंतर चार दिवस? म्हणजे संकष्टी,” आई म्हणाली. पन्नासएक वर्षं ती गच्चीवर चंद्रोदयाची वाट पाहत आली आहे. कॅलेंडरवरची वेळ आणि इमारतीमागून चंद्र प्रत्यक्ष दिसण्याची वेळ यांतला फरक तिला तोंडपाठ आहे. काळोखाच्या त्या तुकड्यात उपाशी बसणं काय असतं, हे तिला मी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग इलेक्ट्रिशियन आला. पलंगापासून बाथरूमपर्यंत, भिंतीला घोट्याच्या उंचीवर, माणूस आला की लागणारे पाच मंद पिवळे दिवे बसले. त्यांचा उजेड फरशीवरच पडतो. पहिल्या रात्री मी जागी राहून तिला दोनदा चालताना पाहिलं. हात भिंतीला होता, पण पाऊल ठाम पडत होतं. टाकीची हॉलकडची काच झाकायला जाड कापड शोधत होते, तर आईने ट्रंकेतून तिची जुनी काळी इरकल काढून दिली. वर फटी ठेवल्या, हवा खेळायला.

“फुटल्यावर जगतात का सगळी?” तिने विचारलं. नाही जगत. पिल्लांना डोळ्यांना न दिसणारं जिवंत खाणं लागतं, ते मी घरी वाढवत नाही. बहुतेक पिल्लं सकाळपर्यंत इतरांच्या पोटात जातात.

“मग एवढा आटापिटा?”

मला उत्तर सुचलं नाही. ती मात्र आठव्या रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन खुर्ची टाकून बसली. पंप बंद केले. पावणेदहाला इरकलीचा पदर बाजूला करून तिने टॉर्च काचेला लावली. खापरावर काही नव्हतं. तिला वाटलं ही खेपही गेली. मग पाण्याच्या वरच्या थरात, टॉर्चच्या दिशेने, डोळे असलेले बारीक केस सरकताना दिसू लागले. आधी दहा-बारा, मग मोजता येईनात.

“विझव ती,” ती कुजबुजली आणि तिनेच टॉर्च बंद केली.

आज सकाळी नर पुन्हा ते खापर तोंडाने घासत होता. आईने कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण केली आहे.