तीन बेटांचा बेत

अंदमानला जायचे ठरले तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो आईचा. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे धरलेले, आणि बोटीत उभ्या जन्मात पाय ठेवलेला नाही. "मला कशाला नेता? तुम्ही पोरं जाऊन या," हे तिचे एकच पालुपद. पण एलटीसीचे पैसे मिळणार होते, आणि आईला मागे ठेवून जाणे आम्हा दोघांनाही पटेना. शेवटी ठरले, की आईला झेपेल तोच बेत करायचा.

वाचकहो, पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले आहे) पोहोचलेला प्रत्येक प्रवासी 'एका दिवसात तीन बेटे' हे शब्द ऐकतोच. ही तीन बेटे म्हणजे रॉस, नॉर्थ बे आणि व्हायपर. रॉसचे नाव २०१८ साली नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे झाले, पण बोटवाल्यांच्या तोंडी अजून रॉसच आहे. नॉर्थ बेला प्रवाळ पाहायचे. त्याचे चित्र आपण सर्वांनी हाताळले आहे, कारण जुन्या तांबूस वीस रुपयांच्या नोटेमागे जी नारळीची झाडे आणि समुद्र दिसतो, तो तिथलाच देखावा. (नव्या नोटेवर आपले वेरूळ आहे.) व्हायपर बेटावर जुना तुरुंग आणि फाशीघर. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याला ठार करणाऱ्या शेर अलीला १८७२ साली तिथेच फाशी दिले.

बेत आखताना आम्ही आधी ऋतू पाहिला. दिवाळीची सुट्टी सोयीची खरी, पण तेव्हा तिकडे परतीचा पाऊस आणि वादळांचे दिवस असतात. म्हणून जानेवारी निवडला. दुसरी गोष्ट घड्याळाची. अंदमान पुष्कळ पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलेच. त्यामुळे थंडीच्या दिवसांत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईच्या हिशेबाने दुपारी आरामात निघालो तर हाती काहीच लागत नाही. समुद्रही बहुधा सकाळीच शांत असतो. म्हणून पहिली बोट धरायची ठरवले. तिसरी गोष्ट, बेटांच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी काहीच ठेवले नाही. तो दिवस हाताशी राखून ठेवला.

सकाळी चपाती आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी एवढेच खाऊन निघालो. बोट लागण्याची भीती असेल तर तेलकट खाऊ नये, बोटीच्या मध्यावर बसावे आणि नजर लांब क्षितिजावर ठेवावी.

धक्क्यावर लाइफ जॅकेट वाटत होते. आमच्या धाकटीला मोठ्या माणसाचे जॅकेट दिले, ते तिच्या डोक्यातून वर निघत होते. "दहा-पंधरा मिनिटांचा तर रस्ता आहे," असे वाटणारा म्हणाला. आम्ही लहान जॅकेट मिळेपर्यंत बोटीत चढलो नाही. मागची माणसे कुरकुरली. कुरकुरू देत. २६ जानेवारी २०१४ रोजी याच पाण्यात प्रमाणाबाहेर माणसे भरलेली पर्यटकांची बोट बुडाली आणि वीसहून अधिक जीव गेले. ती माणसेही आपल्यासारखी सुट्टीवर आलेली होती.

रॉसला उतरलो. १८५८ साली इंग्रजांनी पहिले दोनशे कैदी अंदमानात आणले. इथले रान तोडले ते कैद्यांनीच. पुढे या एवढ्याशा बेटावर चर्च, बेकरी, नाचघर, पोहण्याचा तलाव असा सारा थाट उभा राहिला. १९४१ चा भूकंप झाला, १९४२ साली जपानी आले आणि साहेबांचे राज्य तिथून उठले. आता भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी विळखे घातले आहेत आणि मधून हरणे फिरतात.

आमच्या आईने उभे आयुष्य बिगारीकामात काढले. ती एका भिंतीपाशी थांबली, विटांवर हात फिरवला आणि म्हणाली, "काम पक्कं हाय. ह्या विटा वाहणाऱ्यांची नावं लिवलीत का कुठं?" आम्ही इकडेतिकडे पाहिले. साहेबांची नावे होती. विटा वाहणाऱ्यांची आम्हाला कुठे दिसली नाहीत.

दुपार व्हायच्या आत वारा वाढला. बोटवाला म्हणाला, नॉर्थ बेला लाटा आहेत, उतरताना त्रास होईल, म्हाताऱ्या माणसाचे काम नाही. मुलांनी तर प्रवाळासाठी महिनाभर दिवस मोजले होते. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आले. बोटीतले काही जण "पैसे भरलेत, गेलेच पाहिजे" म्हणून हटून बसले. आम्ही परतीच्या बोटीत बसलो. तेव्हा आईच म्हणाली, "माझ्यापायी पोरांचं राहिलं." ते ऐकून आम्हाला फार वाईट वाटले.

पण राखलेला दिवस कामी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र ताटातल्या पाण्यासारखा. नॉर्थ बेला बोटवाल्याने हात देऊन आईला उतरवले. काचेच्या तळाच्या बोटीतून खाली प्रवाळ दिसू लागले, रंगीत मासे आतबाहेर करू लागले. आई वाकून बराच वेळ पाहत राहिली आणि हसून म्हणाली, "खाली बी वस्तीच हाय की!" मुले तिला चिकटून बसली होती. प्रवाळाला हात लावू नये, तुकडा तर मुळीच उचलू नये. तो जिवंत प्राणी आहे आणि कायद्याने त्याला संरक्षण आहे, हे मुलांनीच आजीला समजावले.

व्हायपर आमचे राहिले. त्याची खंत वाटत नाही. तुम्ही जाल तेव्हा त्या दिवशी तिकडची बोट सुटते का, हे आधी खिडकीवर विचारा. तीन बेटे छापील कागदावर असतात. आपल्या घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला आणि त्या दिवशीच्या समुद्राला जेवढी झेपतील, तेवढीच आपली. घरी आल्यावर शेजारणींनी विचारले, काय काय पाहिले? आईने बेटांची नावे सांगितली नाहीत. ती म्हणाली, "समुद्र पाहिला. पोरांच्या मांडीला मांडी लावून पाहिला."