चाप आणि घोडा

मराठी कथाकादंबऱ्यांत गोळी झाडली जाते तेव्हा एक लेखक ‘चाप ओढला’ असे लिहितो आणि दुसरा ‘घोडा दाबला’ असे. रहस्यकथांवर वाढलेल्या वाचकाला या दोन शब्दप्रयोगांत भेद वाटत नाही. गोळी सुटली, माणूस पडला, कथा पुढे गेली. वस्तुतः चाप म्हणजे बोटाखाली येणारी वक्र पट्टी, आणि घोडा म्हणजे मागच्या बाजूस उभा राहून काडतुसाच्या बुडावर आपटणारा तुकडा. इंग्रजांना त्या तुकड्यात कोंबडा दिसला, आपल्याला घोडा दिसला. ज्याला जे जनावर जवळचे. पण घोडा कोणी दाबत नाही. घोडा चढवतात, आणि मग तो पडतो.

हा भेद मी शब्दकोशातून शिकले नाही. वडिलांकडून माझ्याकडे आलेल्या एका जुन्या रिव्हॉल्व्हरने तो शिकवला. (‘रिव्हॉल्व्हर’ला मराठीत प्रतिशब्द रुजला नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. बंदूक अरबीतून आली, तोफ तुर्कीतून, पिस्तूल आणि काडतूस पोर्तुगिजांकडून. चारही शब्द आपले झाले. हा मात्र इंग्रजी कपड्यांतच राहिला.)

आमचे मूळ गाव निफाड तालुक्यातले. द्राक्षाचा मळा, गावापासून दूर वस्ती, हाकेच्या अंतरावर दुसरे घर नाही, आणि हंगामात व्यापाऱ्याकडून रोखीने येणारे पैसे. एवढ्या कारणांवर आप्पांनी १९७९ साली परवाना काढला आणि बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे एक वापरलेले रिव्हॉल्व्हर विकत घेतले. बत्तीस बोअर, सहा घरे. बत्तीसच का, तर अडतीस बोअर आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडतो आणि सामान्य परवान्यावर मिळत नाही. निळसर काळी झिलई तेव्हाच कडांवर उडालेली होती. मधला कब्जा सोडला की नळी पुढे झुकते, चक्रीच्या मध्यातून एक चांदणी वर उचलली जाते आणि सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडतात. लहानपणी आम्हां भावंडांना एवढेच पाहायला मिळे, आणि तेही वर्षातून दोनदा.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, तर त्याच्या हयातीतच ते वारसाला देण्याची सोय आहे. आप्पांची सत्तरी २०१७ साली झाली. धाकट्या भावाने ना-हरकतीचे प्रतिज्ञापत्र इतक्या तत्परतेने करून दिले की त्याला ही वस्तू घरात किती नको होती ते कळले. मी शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतले, प्रमाणपत्र जोडले, पोलीस चौकशी झाली. महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना हे समजले तेव्हा स्टाफरूममध्ये आठवडाभर विनोद झाले. काव्यशास्त्र शिकवणारी बाई आणि रिव्हॉल्व्हर! माझ्याकडेही तेव्हा उत्तर नव्हते. अर्जातल्या कारणाच्या रकान्यात ‘स्वसंरक्षण’ असे लिहिले, कारण तिथे तेच लिहायचे असते.

खरे कारण आप्पांचे बोट होते. त्यांच्या हाताला कंप सुटला होता आणि चाप ओढवत नव्हता.

डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चाप हा केवळ खटका नसतो. एका ओढीत तीन कामे होतात: एक लहान पंजा चक्रीला ढकलून पुढचे घर नळीसमोर आणतो, खालून एक खुंटी येऊन चक्रीला अडवते, आणि त्याच वेळी घोडा मागे मागे उठत जाऊन शेवटी सुटतो. स्प्रिंगच्या विरुद्ध हे सारे एका बोटाने करायचे. साधारण पाच-सहा किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. अंगठ्याने घोडा आधीच चढवून ठेवला तर चापाला उरते ते फक्त सोडण्याचे काम, आणि त्याला निम्म्याहूनही कमी जोर पुरतो. अलीकडच्या स्वयंभरण पिस्तुलात पहिल्या गोळीनंतरचे हे सगळे श्रम धक्क्याच्या बळावर आपोआप होतात. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र प्रत्येक गोळी नव्याने, पूर्ण किंमत मोजून मागावी लागते.

नाशकात हा विषय निघाला की बोलणे १९०९ वर जातेच. २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. सांगणारा कधी पिस्तूल म्हणतो, कधी रिव्हॉल्व्हर. ते ब्राउनिंग पिस्तूल होते, सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेल्या वीसांपैकी. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. वर्गात लोकसाहित्य शिकवताना मी त्याच गोष्टीचे दुसरे टोकही सांगते. गुजरात आणि कोकणातील लोकसमजुतींवर एन्थोव्हेनने १९१४-१५ मध्ये जे दोन खंड काढले, त्यांची सामग्री याच जॅक्सनने जमवलेली होती. विद्यार्थी गप्प होतात. त्यांनी गप्प व्हावे असेच मला वाटते. त्यावर मी भाष्य करीत नाही.

आणखी एक योगायोग भाषेच्या माणसांनी लक्षात ठेवावा असा आहे. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणि हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याखाली आणणारा कायदा, हे दोन्ही लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत एकाच वर्षी, १८७८ मध्ये झाले. पहिला काही वर्षांतच रद्द झाला. दुसऱ्याची जागा घेणारा आपला कायदा १९५९ सालचा, आणि तो अमलात आला १९६२ मध्ये. लेखणी लवकर सुटली. शस्त्र अजूनही परवान्यावर आहे, आणि ते तसेच असावे या मताची मी आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हा २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला, याचा मला मनापासून आनंद झाला.

आप्पांनी रिव्हॉल्व्हर हाती दिले त्या दिवशी १९९३ मधली एक रात्र सांगितली. तोवर घरात कोणालाच ती ठाऊक नव्हती. त्या दिवसांत विहिरीवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात. मध्यरात्री पत्र्याच्या शेडमागे कोणी हलले. आप्पांनी दोनदा हाक दिली, उत्तर नाही. सावली त्यांच्याच दिशेने येऊ लागली, हातात काहीतरी लोंबते आहे. आप्पांनी रिव्हॉल्व्हर रोखले आणि चाप ओढू लागले. चक्री फिरायला लागली, घोडा अर्धा उठला. तेवढ्यात सावली वळली आणि हातातले दावे दिसले. पलीकडच्या वस्तीवरचा म्हातारा सुटलेली कालवड शोधत आला होता. त्याला ऐकूच कमी येत असे. आप्पांनी बोट सैल केले, घोडा परत जागी बसला. दोघांनी मिळून कालवड शोधली आणि चहा घेतला. म्हाताऱ्याला ही गोष्ट कधीच कळली नाही.

“घोडा चढवलेला असता तर बोट सैल करायला सवडच नव्हती,” एवढे बोलून आप्पा थांबले. मग म्हणाले, “तू कधी चढवू नकोस. ओढायचंच झालं तर पूर्ण ओढावं लागेल असं ओढ.”

या वाक्याचा अर्थ मला सरावात लागत गेला. शहरातल्या एका नेमबाजी केंद्रावर महिन्यातून एक रविवार मी जाते. तिथले प्रशिक्षक निवृत्त सुभेदार आहेत. बहुतेक मुले एअर पिस्तुलावर असतात. माझे रिव्हॉल्व्हर पाहून ती कुतूहलाने जवळ येतात. पंचवीस मीटरच्या सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची शस्त्रे चालतात, म्हणजे बत्तीस बोअरही त्यात बसतो. याच प्रकारात जसपाल राणाने १९९४ मध्ये हिरोशिमाला आणि २००६ मध्ये दोह्याला आशियाई सुवर्ण मिळवले. त्या शस्त्रांची नळी, मूठ, माशी सगळेच निराळे. आमच्या आखूड वेब्लीने त्या वाटेला जाऊ नये.

सुभेदारसाहेबांचा एक पाठ मात्र कोणत्याही शस्त्राला लागू आहे. ते माझ्याकडे पाठ करून सहा घरांत तीन खरी आणि तीन नकली काडतुसे भरतात, चक्री फिरवून देतात. कोणत्या घरात काय हे मला ठाऊक नसते. नकली काडतुसावर घोडा पडतो, आवाज होत नाही, आणि तरी नळीचे टोक झटका बसल्यासारखे खाली जाते. “मॅडम, तुमचा नेम चुकत नाही,” पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “तुम्ही बार व्हायच्या आधीच घाबरता.” हा दचका घालवण्याचा उपाय घरी, रिकाम्या शस्त्रावर. आधी चक्री उघडून सहाही घरे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायची, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात, समोर भक्कम भिंत. घोड्याच्या नाकावरचा जुना आघात-काटा रिकाम्या घरावर आपटून तुटू नये म्हणून नकली काडतुसे भरायची. नळीवर माशीच्या मागे एक रुपयाचे नाणे ठेवायचे आणि ते न पाडता चाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गतीने ओढायचा. मधे थांबायचे नाही, शेवटी हिसका द्यायचा नाही. पहिले दोन महिने नाणे फरशीवरच असे. आवाजाने आई स्वयंपाकघरातून विचारी, “पुन्हा पडला का गं रुपया?”

देखभाल हा या सगळ्यातला मोठा भाग आहे, आणि तो कोणत्याही कादंबरीत आलेला मला आठवत नाही. आप्पा हे काम छाटणीच्या कात्र्यांबरोबर करीत. एका गोणपाटावर कात्र्या, रिव्हॉल्व्हर आणि जुन्या धोतराची मऊ फडकी. नळी मागून पुढे घासायची, म्हणजे तोंडाच्या कडेला इजा होत नाही. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची ही एक मोठी सोय. चक्रीची घरे एकेक करून, चांदणीच्या खाली विशेष काळजीने, कारण तिथे दारूचा एक कण अडकला तरी चक्री जड फिरते. जुन्या काडतुसांच्या टोपीतून क्षार राहत. ते तेलात विरघळत नाहीत आणि हवेतला ओलावा ओढून पोलाद खातात. म्हणून आप्पा आधी कढत पाणी ओतत, मग कोरडे करून तेल. शस्त्राला पाणी घालताना पाहून लोक हसत. आताच्या काडतुसांना त्याची गरज नाही. तेलही थोडेच हवे. जास्त झाले तर धूळ धरून घट्ट होते, आणि काडतुसाच्या टोपीत झिरपले तर बार फुसका जातो. चामड्याच्या म्यानात कायमचे ठेवणे सर्वांत वाईट. कमावलेल्या चामड्यात रसायने असतात आणि नाशिकच्या पावसाळ्यात ते ओल धरते. आमच्या रिव्हॉल्व्हरच्या डाव्या अंगावर गंजाचा जो ठिपका आहे तो आप्पांच्याही आधीच्या मालकाच्या म्यानाचा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या, आणि दोन्ही वेळा ते ठाण्यात जमा होते. परत आल्यावर पहिला रविवार फडक्या-तेलात गेला.

आप्पा २०२१ मध्ये गेले. भावाने तेव्हा विचारले, आता विकून टाकायचे का. मुलगा सोळा वर्षांचा होतो आहे, घरात वयस्क आई आहे, आणि मळ्याचे पैसे आता बँकेत येतात. त्याचे म्हणणे बिनचूक आहे. कुलूपबंद कपाटाची किल्ली कुठे असते ते मुलाला माहीत नाही. तरीही रात्री कधी कधी मी उठून कपाट पाहते. ही राखण त्या वस्तूने आमची केली त्यापेक्षा जास्त आहे.

गेल्या महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. जुन्या रिव्हॉल्व्हरची वेळ तपासावी लागते: घोडा सुटण्याआधी चक्री पूर्ण जागेवर येऊन अडकली पाहिजे. रिकाम्या शस्त्रावर अगदी हळू चाप ओढला तर पाच घरे नीट अडकतात, चौथे केसभर मागे राहते. वेगाने ओढले तर चक्री आपल्याच गतीने जागेवर येते आणि दोष झाकला जातो; म्हणून केंद्रावर तो कधी कळला नव्हता. घर नळीसमोर सरळ नसेल तर गोळीचे शिसे कडेला तासले जाऊन बाजूला उडते, जवळ उभ्या असलेल्याला लागू शकते. सराव त्याच दिवशी थांबवला.

परवानाधारक कारागिराकडे घेऊन गेले. वय सत्तरीचे, भिंग डोळ्याला लावून त्यांनी सहाही घरे दोनदा फिरवली. चांदणीवरचा एक दात झिजला आहे, म्हणाले; सुटा भाग आता मिळत नाही, पण पंजा थोडा जाड घडवून कानशीने बसवता येईल. तो जाड झाला की उरलेल्या पाच घरांना घट्ट होणार नाही ना, हे पुन्हा पुन्हा लावून पाहावे लागेल. “विकायचंय की वापरायचंय?” त्यांनी विचारले. विकायचे असेल तर एवढी मेहनत कोणी भरून देणार नाही, हेही सांगितले. मी दुरुस्त करायला सांगितले. दोन महिने लागतील. त्यांनी नोंदवहीत शस्त्राचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक लिहिला, माझी सही घेतली, आणि दोषाच्या रकान्यात दोनच शब्द लिहिले: चौथे घर.